अम्बू बॅग दाबताना ऐकलेला आवाज

मी बदलापूरच्या कात्रपला राहते आणि उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका कापडाच्या दुकानाचे अकाउंट्स बघते. भुताखेतांचा विषय निघाला की चहाच्या निमित्ताने उठून जाणारी मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... तरी लिहिते.

माझा धाकटा भाऊ महेश बदलापूरजवळ गावी शेती करतो. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. मग पापण्या उघडेनात, जीभ जड झाली. त्याच्या बायकोने अंथरूण झटकलं, तर आतून मण्यार साप निघाला. गावातच राहणाऱ्या आमच्या मामांनी त्याला गाडीत घातलं, वाटेत मला घेतलं आणि आम्ही उल्हासनगरचं सरकारी हॉस्पिटल गाठलं. आमच्याकडची गावं साप चावला की तिथेच धावतात.

डॉक्टरांनी लगेच सलाइनमधून औषध सुरू केलं. पण महेशचा श्वासच थांबत चालला होता. त्यांनी घशात नळी घातली, तिला रबरी फुग्यासारखी अम्बू बॅग जोडली आणि मला म्हणाले, "श्वासाचं मशीन लागेपर्यंत ही दाबत राहा. तुम्ही दाबलं की तो श्वास घेणार. थांबायचं नाही."

मी दाबत राहिले. महेशचे डोळे मिटलेले, हात लोंबलेला, चेहरा मेणासारखा. मी हाका मारत होते... काही नाही. पापणीसुद्धा हलली नाही. माझी बोटं वळायला लागली तशी मी रडायला लागले.

मामांनी माझं मनगट धरलं. "सोर गं पोरी आता. काय नाय ऱ्हायला त्याच्यान. नको हाल करू."

खरं सांगते, त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. माझी बोटं सैल पडली... आणि अगदी कानाशी एक बाई ओरडली — "ना छडि!"

शब्द कळले नाहीत, पण त्यातला राग कळला. मी मामांचा हात झिडकारला आणि परत दाबायला लागले. वाटलं, नर्स असेल. वळून पाहिलं तर नर्स पलीकडच्या पेशंटपाशी पाठमोरी. आमच्याजवळ कोणीच नव्हतं. मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "कोन वरडला? कोनी नाय."

थोड्या वेळाने मशीन लागलं. नंतरचे दिवस कसे काढले, ते आमचं आम्हाला माहीत. शेवटी एका दुपारी महेशने डोळे उघडले.

नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "ताई, मला सगला ऐकू येत होता. मामा सोर बोलला तवा मी आतून बोंबलत होतो... हलताच येईना. ती मावशी कोन होती गं?"

"कुठली मावशी?"

"माझ्या कपालावर हात ठेवून बसलेली. तू दाबायचीस, त्याच्या आदी ती बोलायची — साहु खणु, पुट. मामानं तुझा हात धरला, तवा केवढ्यानं वरडली!"

मी काय ऐकलं होतं, ते मी त्याला सांगितलेलंच नव्हतं. मामांनाही फक्त कोण ओरडलं एवढंच विचारलं होतं.

कामावर परतल्यावर मालकांच्या आईला ते शब्द विचारले. त्या सिंधी. म्हणाल्या, "साहु खणु, पुट... मतलब साँस ले, बेटा. और ना छडि, मत छोड़. किसने बोला?"

मी सगळं सांगितलं. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बँटवारे के बाद सिंध से आकर हम लोग इधर मिलिट्री के बैरक में रहते थे. बीमारी में बहुत बच्चे गए. माँएँ ऐसे ही उनके माथे पर हाथ रखकर बैठी रहती थीं."

डॉक्टर म्हणाले, मण्यारीच्या विषात माणूस मेल्यासारखा दिसतो, पण ऐकू येऊ शकतं. मान्य. वॉर्डात कोणी सिंधी बोललं असेल, हेही मान्य. पण माझ्या कानाशी कोण ओरडलं? मामांना ते का ऐकू आलं नाही?

महेश आता पुन्हा शेतावर जातो. मी मात्र एकाच विचाराशी येऊन थांबते... त्या बाईने हे शब्द पहिल्यांदा ज्याच्या उशाशी म्हटले असतील, त्याने श्वास घेतला असेल का?