भांडी बाजारात आलेली हाक

अंगात आलेल्या बाईच्या डोक्यावर मी गार पाण्याची घागर ओतलेली आहे. आमच्या गावात कोणालाही विचारा. पिंपळाखाली एकटा झोपलोय, मसणवट्यातून बैल हाकलेत, मला कधी काही दिसलं नाही आणि मी असलं काही मानत नाही. शाळा तिसरीपर्यंत, अक्षर वाईट, पण लिहितोय माझं मी. तुमच्या या पानावर कोणी लिहितो मित्राच्या मामाला दिसलं, कोणी लिहितो शेजारणीच्या बहिणीला. माझं तसं नाही. हे मला स्वतःला झालं... भर दुपारी, नाशकात, हजार माणसांत.

साल अठ्ठ्याहत्तर असेल, नाहीतर एकोणऐंशी. लग्नाला तीन वर्षं झालेली. गाव वणीपासून दोन कोसांवर. एकदा वणीच्या बाजारात एक परदेशी गोरी जोडी पाहिली. दोघांच्या पाठीला पिशव्या, केळी खात, हसत चाललेले, कुठं जायची घाई नाही. ते माझ्या डोक्यात बसलं. जुन्या बाजारातून मिलिटरीची पाठीवरची पिशवी आणली आणि घरी सांगून टाकलं, आम्ही दोघं दोन दिवस नाशिक फिरायला चाललो.

आई म्हणाली, "कोण आजारी हाय?"

"कोणी नाय."

"मग देवाला?"

"देवाला पण नाय. नुसतं फिरायला."

"नुसतं कोण फिरतं का रे येड्या? लोक हसतील."

"हसू दे," म्हटलं, आणि निघालो.

पंचवटीत धर्मशाळेत उतरलो. रामकुंडावर अंघोळ, टांग्यात बसणं, पांडवलेण्यांच्या पायऱ्या, एक सिनेमा... आमची मंडळी, म्हणजे बायको, सिनेमात रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, परत बघू. मिसळ खाताना तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी. "हे खाऊन माणसं जगत्यात इथं?" म्हणाली आणि वर अजून तर्री मागितली! पहिल्या दिवशी ती माझ्या चार पावलं मागं चालत होती, आमच्याकडं तशीच रीत. दुसऱ्या दिवशी मेन रोडला बघतो तर शेजारी. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर परत मागं गेली असती.

त्याच दुपारी भांडी बाजारात तिला नवी चप्पल चावायला लागली. एका दुकानापुढं मोठा पितळी हंडा होता. मी म्हटलं, "या हंड्यापाशी बस. हलायचं नाय. मी चिवडा घेऊन आलो."

"सापडल का मी परत?"

"मला नाशिक शिकवती का? दोन महिने बांधकामावर होतो इथं."

चिवडा घेऊन परत आलो, तर दर दुकानापुढं हंडा. अख्खी गल्ली हंड्यांची! खेड्यातला माणूस, भांड्यांच्या बाजारात खूण म्हणून हंडाच धरून ठेवला. आता हसू येतं. तेव्हा घाम फुटला. पैसे माझ्याजवळ, पिशवी माझ्या पाठीवर, तिच्या हातात काही नाही. तिला वाचता येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात बायांनी धरून बसवली तेव्हा उखाण्यात घेतलं, ते पण इतकं हळू की मला ऐकू आलं नाही. कोणी मदत करायला गेला आणि विचारलं, बाई कोणाची तू, तर ही गप्प बसणार.

मी कोणाला विचारलं नाही. बायको हरवली असं कोणत्या तोंडानं सांगू? दीड-दोन तास नुसता हिंडलो. शेवटी मागच्या गल्लीत, जिथं तांबट भांडी ठोकत बसतात, तिथं आलो. आवाज असा की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये. आणि त्या ठोक्यांच्या वर, स्पष्ट...

"निवृत्ती!"

आवाज तिचा. नाव माझं. एकेरी, जसं आई हाक मारते तसं.

मी जागीच उभा राहिलो. कान वाजले म्हणून पुढं जाणार, तेवढ्यात एका म्हाताऱ्या तांबटानं हातोडी खाली ठेवली. मला म्हणाला, "निवृत्ती तूच का रे? ती बाई घसा फोडून राहिली, जा की! बहिरा का काय?" आणि त्यानं हातानं शालिमार चौकाकडची वाट दाखवली.

मी त्याला नाव सांगितलं नव्हतं. पिशवीवर नाव नव्हतं. हे मी शंभर वेळा आठवून बघितलंय.

पळालो. मेन रोडच्या गर्दीत परत एक हाक, पुढून. शालिमारला अजून एक, एसटी स्टँडच्या अंगानं. स्टँडात शिरलो तर समोर एक गाडी सुटायला लागलेली, आणि खिडकीत आमची मंडळी! मी गाडीच्या पुढ्यातच जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हरनं आईवरून शिवी दिली. मी खिडकीवर थाप मारून ओरडलो, "उतर! कुठं चालली?"

"घरी. वणीला."

शेजारी दोन बाया होत्या, कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, मांडीवर नारळ. त्यातली एक हसायला लागली. "उतर व माय, हाई धुळानी गाडी शे! आम्ही गड करीसन घर जाई राहिनूत."

मी येत नाही बघून ही वाट विचारत स्टँडावर आली आणि देवीच्या बाया बघून मागं मागं चढली. देवीचा गड आमच्या वणीपाशी, म्हणून गडाच्या बाया म्हणजे गाडी वणीची, एवढाच हिशेब. त्या गडावर जात नव्हत्या, गडावरून आलेल्या. धुळ्याची ती गाडी सुटली असती, कंडक्टरनं तिकीट मागितलं असतं आणि अंधार पडताना हिला कुठल्यातरी फाट्यावर उतरवलं असतं. पुढचा विचार मी आजही करत नाही.

खाली उतरल्यावर मी पहिलं काय बोललो असेन? "नाव घेतलंस ना माझं? भर बाजारात?"

ती अशी बघायला लागली जसा मी दारू पिऊन आलोय. "मी? जीभ झडली तरी घेणार नाय. स्टँडावर एक पोलीस पण विचारून दमला."

"मग मनात घेतलं असशील."

"मनात तुम्हाला शिव्या देत होते. हंडा दाखवतो मेला!"

भांडी बाजार ते स्टँड मैलभर तरी आहे. मध्ये गाड्या, टांगे, सगळा गोंगाट. गावच्या मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, काळजीनं कान वाजतात माणसाचे. मी म्हटलं, मास्तर, माझे वाजले, कबूल. मग त्या तांबटाचे कोणी वाजवले? त्यावर ते चहा प्यायले आणि उठून गेले. पुढच्या वर्षी मी मुद्दाम त्या गल्लीत गेलो. म्हाताऱ्याची जागा रिकामी होती. शेजारच्यानं सांगितलं, मुलाकडं गेला, कुठं ते माहीत नाही.

मंडळी अजून आहे, देवाच्या दयेनं... म्हणजे बोलायची पद्धत आहे, मी देवाला मध्ये घेत नाही. परवा हे लिहायला बसलो तेव्हा तिला म्हटलं, आता दोघंच आहोत घरात, एकदा घे नाव. मला आवाज जुळवून बघू दे. ती लसूण सोलत होती. वर न बघता म्हणाली, "एकदा आलात ना ऐकून? मग पुरे."

यापुढं मला काही कळलेलं नाही. कोणाला कळत असेल तर सांगा, पण कान वाजले असं सांगू नका.