बावीस आऱ्यांचा झेंडा

शिलाईमावशींचं हसू तीन घरं ओलांडून ऐकू यायचं. ऐंशीच्या दशकात मी चिपळूणहून सिल्वासाच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले आणि तिथल्या टोकरखाडा वस्तीत बिऱ्हाड केलं, तेव्हा आधी ओळख झाली ती त्या हसण्याची. हसताना मावशी मशीन थांबवत नसत. माझ्या पहिल्याच ब्लाउजची बाही त्यापायी वाकडी गेली. "टीचरबेन, बाही उसवून देते. पन हसले ते काय उसवनार नाय!"

त्यांच्या ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेला एक झेंडा होता. त्याची गोष्ट ऐकल्याशिवाय नव्या गिऱ्हाइकाची सुटका नसे. फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, राज्यात मावशींचे वडील शिपायांचे गणवेश शिवत. चौपन्न साली मुक्तीच्या धामधुमीत त्यांना गुपचूप निरोप आला, झेंडा हवा. पांढरा पट्टा निघाला फिरंगी अधिकाऱ्याच्या पँटीच्या कापडातून, हिरवा आईच्या लुगड्यातून, केशरी देवघरातल्या वस्त्रातून. सोळा वर्षांच्या मावशी निळ्या दोऱ्यानं चक्र भरत होत्या, तेवढ्यात शिपाई दारात!

"मी झेंड्यावरच फतकल मारली. तो म्हनतो, ऊठ, पानी दे. म्हटलं, पाय मुरगळलाय! बापानं पानी दिलं, तेव्हा टळला."

पुढं एका वर्षी मुक्तिदिनाचं प्रदर्शन ठरलं. मीच आग्रहानं मावशींना झेंड्यासह तिथे नेलं. प्रदर्शन मांडणाऱ्या साहेबांनी चष्मा लावून चक्राचे आरे मोजले. "बावीसच आहेत. चोवीस हवेत. दोन भरून आणा, मगच ठेवू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी मात्र शांत होत्या. "साहेब, दोन ऱ्हायले तवाच सिपाही आला. तो गेला नि लगेच झेंडा न्यायला मानसं आली. आज भरले तर ते आजचे होतील. तसं नको."

साहेबांनी पुन्हा एकदा झेंड्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच मधलं टेबल रिकामं करून दिलं. हकिकत मी एका पुठ्ठ्यावर लिहून शेजारी ठेवली.

दुपारी जवळच्या रांधा गावाहून आलेला एक म्हातारा वारली शेतकरी झेंड्यापाशी थबकला. त्याला वाचता येत नव्हतं. बोट दाखवून म्हणाला, "ह्योच. मी बांबू धरलेला."

मावशी खुर्चीवरून उठल्या. "तुमी व्हता? मंग सांगा ना, कसा दिसत व्हता वर?"

मी चकित झाले. "मावशी, तुम्ही नाही पाहिलात?"

"कुठनं बघनार? झेंडा नेल्याबरोबर बापानं मला घरात कोंडलं. दोन दिवस. सुटले तवा झेंडा घडी होऊन घरी परत आलेला."

म्हाताऱ्यानं हातातली टेकायची काठी माझ्याकडे दिली. हात डोक्याच्या वर नेला आणि पंजा वाऱ्यावर हलवावा तसा हलवत राहिला. सावकाश, मग जोरात.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. मावशींचं नाव निघालं की मला त्या तशाच दिसतात, मान वर करून त्या हाताकडे बघणाऱ्या.