आत्याच्या तुकड्याखालचं पाणी

ज्यांचं ऋण माझ्यावर आहे त्यांत पहिली माझी आत्या. आई गेल्यावर तिने मला वाढवलं, भोकरदनच्या शाळेत घातलं आणि पुढे जालन्याला कॉलेजात पाठवलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बीएस्सी झालो तो तिच्या मोसंबीच्या जिवावर. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, तेव्हा आजोबांनी तिला हसनाबादजवळच्या शेतातला एक तुकडा दिला आणि सामाईक विहिरीतून पाणी घ्यायची पाळी दिली.

विहिरीची पाळी आमच्याकडे कोणी मोडत नाही. भावाभावांत बोलणं बंद असलं तरी दुसऱ्याच्या पाळीत मोटारीला हात लावायचा नाही. काकाने, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाने, ती कधी मोडली नाही. त्याने विहिरीला लागून असलेल्या आपल्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बोअर घेतलं. आत्याच्या पाळीला मोटार सुरू व्हायची आणि थोड्याच वेळात हवा ओढायला लागायची. तिकडे काकाच्या शेततळ्यात पाइपातून धो धो पाणी पडत असायचं. जमिनीतलं पाणी उपसून तो ते उन्हात उघडं ठेवत होता, आणि गाव ते तळं कौतुकाने बघायला येत होतं.

मी जाब विचारायला गेलो. काका तळ्याच्या बांधावर चार जणांत बसला होता.

"पाळी मोडली का मी?" तो म्हणाला. "विहीर सामाईक, मान्य. खालचं पाणी कोणाच्या बापाचं?"

"कॉलेजात शिकून राह्यला नं तू," त्यातला एक जण म्हणाला, "मंग पाण्यालाच विचार, कोणाचं हाय ते."

सगळे हसले.

त्या उन्हाळ्यात आत्याची बाग गेली. झाडं तोडली तेव्हा फांद्यांवर लिंबाएवढी फळं तशीच सुकलेली होती. तिने तुकडा माझ्या नावावर केला आणि परतूरला लेकीकडे राहायला गेली.

गावाने काकाचा कित्ता गिरवला. ज्याने त्याने शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर घेतलं. आमच्या काळ्या खडकाच्या भेगांत पाणी किती थोडं मुरतं हे मी शिकलो होतो. काकाचं बोअर आटणार, हे मला दिसत होतं. मी बोललो नाही. वाट पाहिली.

ते आटलं. काकाने पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतभर फिरला आणि आत्याच्या तुकड्यात नारळ उभा राहिला. मग काका जालन्याला माझ्या घरी आला. चहा घेतला.

"कोपऱ्यात एक बोर घेऊ दे," तो म्हणाला. "तुला बी पाणी देतो. पाळी लावू."

"खालचं पाणी कोणाच्याच बापाचं नाही, काका. वरची जमीन माझी आहे."

"सायब झालास. आपलं रक्त एक हाय का न्हाई?"

"आत्याची बाग गेली तेव्हा ते रक्त कुठं गेल्तं?"

तो तडक परतूरला जाऊन आत्यापुढे रडला. तिचा फोन आला. "दे बाबा त्याला. माझा भाऊ हाय. त्याची बी झाडं पिवळी पडली." फोनवर ती मला बोलूच देईना. म्हणून मी पत्र लिहिलं. तिची नात तिला वाचून दाखवते.

तीर्थस्वरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तू सांगितलेलं मी आजवर कधी नाकारलं नाही. हे नाकारतो. काकाला बोअर घेऊ देणार नाही.

लोक म्हणतील, शिकलेलं पोरगं, पाणी राखतंय. तू तसं समजू नकोस. मी सूड घेतोय. पाणी राखू म्हणून शपथा घेणारी माणसं मी पाहिली. शेजाऱ्याचं तळं भरलेलं दिसलं की तीही बोअरची गाडी बोलावतात. माझा राग तसा ढळायचा नाही. तुझ्या तुकड्याखालचं पाणी त्या रागाच्याच भरवशावर राहील.

काकाची बाग मी रविवारी पाहून आलो. धुऱ्यावर बराच वेळ उभा होतो. फळं लिंबाएवढीच राहिली आहेत.

तुझा भाचा