डब्यात नसलेली चिठ्ठी

ही गोष्ट मी पंचवीस वर्षं टाळली, कारण तिच्यात लबाड माणूस एकच आहे आणि तो मी आहे.

जिल्हा संघटनेचा सचिव म्हणून नाशिकच्या बास्केटबॉल पंचांना सामने वाटून देण्याचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. साधे सामने मी फोनवरूनच वाटायचो. अंतिम सामन्याचे दोन पंच मात्र सगळ्यांसमोर, डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरायचे. (डबा आमच्याच स्वयंपाकघरातला!)

त्या वर्षी राज्याचे निरीक्षक येणार होते. अंतिम सामना बघून ते एका पंचाला राज्याच्या यादीत घेणार! निफाडचा माझा मेहुणा दत्तू सहा वर्षं याचीच वाट बघत होता. जिल्ह्यात त्याच्याइतका चोख पंच नव्हता.

"अहो, दत्तूचं नाव निघेल ना?" बायकोने विचारलं.

"ते नशिबावर!" मी म्हणालो, आणि दत्तूची चिठ्ठी डब्यात टाकलीच नाही. त्याचं नाव निघालं असतं, तर लोक म्हणाले असते, सचिवाने मेहुणा घुसवला!

दुसरीच दोन नावं निघाली. दत्तू म्हणाला, "जाऊ द्या दाजी, आपलं नशीबच फुटकं." मला वाटलं, सुटलो!

सामन्याआधी दहा मिनिटं एका पंचाचा पाय मुरगळला. निरीक्षक म्हणाले, "डबा आणा. हजर असलेल्याचं नाव निघेपर्यंत चिठ्ठ्या काढा."

बाकीच्या पंचांपैकी हजर एकटा दत्तू, इस्त्रीचा शर्ट घालून! "काढा दाजी! आता माझीच निघंल."

डबा रिकामा झाला असता, तरी त्याची चिठ्ठी निघाली नसती! "गरज नाही! अशा वेळी सचिवच उतरतो, असा नियम आहे!" (असा कुठलाही नियम नाही.)

दत्तूने स्वतःची शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली.

मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे मी साफ विसरलो. चेंडू बाहेर गेला, की माझा हात भलत्याच दिशेला! दत्तू बाहेरून ओरडतोय, "दाजी, उलटं! उलटं!"

निरीक्षकांचं पत्र आलं. यादीत कोणीच नाही. शिवाय, बाहेरून ओरडणाऱ्याला लेखी समज द्यावी. ती समज माझ्याच सहीने गेली!

यंदा मन घट्ट करून निफाडला गेलो. दत्तूने द्राक्षांची ताटली पुढे केली. "दत्तू, त्या चिठ्ठीचं सांगायचं होतं..."

तो नातवंडांकडे वळला. "बघा रे, हे आमचे दाजी! मी सख्खा मेहुणा, पण यांनी चिठ्ठीत कधी लबाडी केली नाय. लय सरळ माणूस!"

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. सगळा धीर एकवटला.

आणि म्हणालो, "यंदा द्राक्षं गोड आहेत हं!"