अर्ध्या किमतीचा रॉड

परवा मुलीने फोनवर पाणी तापवायचा रॉड दाखवला, "पप्पा, साठ टक्के ऑफ!" आणि मला उल्हासनगरचं ते दुकान आठवलं. मी तेव्हा बारावीत होतो. बाबांनी महागाचा, आयएसआयचा शिक्का असलेला रॉड हातात घेतला होता. मी म्हटलं, "बाबा, हा बघा, अर्ध्या किमतीत. काम सेमच." शेठ हसला, "बच्चा होशियार है." बाबांनी हातातला रॉड खाली ठेवला. मला केवढा अभिमान वाटला!

तिसऱ्याच आठवड्यात रॉड लावलेल्या पत्र्याच्या बादलीला आईचा हात लागला आणि ती तिथेच कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत गेली होती.

बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत जळक्या वायरचा वास कोंडला होता. जमलेल्यांतल्या कुणीतरी विचारलं, "असला रॉड आणला कुणी?"

मी तोंड उघडलं. बाबांनी माझा दंड घट्ट धरला आणि ते म्हणाले, "मीच आणला."