कुलरसमोरची खाट

माझा मुलगा जन्मतःच लहानखुरा, आणि त्याचं वजन सहा दिवस एका जागी अडून बसलेलं. रोज सकाळी सिस्टर त्याला काट्यावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "वजन वाढल्याशिवाय सुट्टी नाही." दूध तर तो पोटभर पीत होता. मग ते जात होतं कुठे? मी सातवीत शाळा सोडलेली. विचारायची हिंमत मला नाही, सांगायची सवड त्यांना नाही.

माहेर रत्नागिरीकडचं. नवरा मुकुटबनजवळ खाणीवर कामाला, म्हणून बाळंतपण यवतमाळ जिल्ह्यात, तेही मे महिन्यात. वॉर्डात कुलर एकच. त्याच्यासमोरच्या खाटेवर बंजारा तांड्यावरच्या एका म्हातारीची सून होती. म्हातारीला सगळ्या याडी म्हणायच्या, म्हणजे आई. पहिल्याच दुपारी तिनं सुनेला उठवलं आणि मला म्हणाली, "तू कोकणातली बाई, तुले आमचं ऊन सोसणार नाही. इथं ये." परक्या मुलखात इतकं कोण करतं? मला रडूच आलं.

मी बाळाला उघडंच ठेवायची. पाठीवर, खांद्यांच्या मध्ये हात लावला की गरम लागायचं. वाटायचं, ऊन बाधलं. मग त्याला आणखी कुलरकडे सरकवायची. पाय गार असायचे, ते मला बरंच वाटायचं.

सातव्या दिवशीही आकडा तोच. मी चिडले, "तुमचा काटाच बिघडलाय." सिस्टरनी बाळाचे पाय धरले, मग पाठ चाचपली. "याला निजवतेस कुठं?"

मग त्यांनी समजावलं. एवढ्याशा बाळाला गारठा लागला तरी आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही. त्याच्या खांद्यांमध्ये, मानेशी तपकिरी चरबी असते. तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले. ते अंगातली साखर आणि चरबी जाळतात आणि त्याची नुसती ऊब करतात. "पाठीत शेगडी पेटली आहे त्याच्या. तू पाजतेस ते तिच्यात जातंय. अंगाला काय लागणार?"

म्हणजे मीच पाजायचं आणि मीच जाळायला लावायचं. स्वतःचाच राग आला. थोडा याडीचाही आला, हे लिहायला लाज वाटते.

मी कोपऱ्यातली खाट मागून घेतली. याडीला खरं कसं सांगणार? म्हटलं, "कुलरच्या ओल्या हवेनं पाठ धरते."

"कोकणातली, अन् ओल्या हवेनं पाठ धरते? सांग ना, आमची खाट आवडली नाही तुले."

दोन दिवस ती बोलली नाही. कोपऱ्यात मी घामानं निथळत होते. बाळ टोपी-मोजे घालून छातीशी.

तिसऱ्या सकाळी आकडा सरकला. थोडासाच. याडीनं वाकून पाहिला आणि सुनेला मोठ्यानं म्हणाली, "पाह्य, सात दिवस कुलरसमोर निजलं, तवा कुठं पोरगं अंग धरून राह्यलं."

"हो याडी," म्हटलं, आणि बाळाचे मोजे वर ओढले.