वेल्डिंगच्या गाळ्याचा विमा

माझ्या गाळ्याचा विमा निघाला तो धामणकर नाक्याच्या मागे राहणाऱ्या, सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या ताईंमुळे. हे आधीच लिहून टाकतो. नंतर गोष्ट सांगताना माणूस स्वतःलाच पुढे पुढे करतो.

मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सुटली, लोखंडाच्या कामाला भिवंडीत आलो आणि राहिलो. आता भाड्याचा गाळा आहे, सोबत दोन कारागीर आहेत. ग्रिल, शटर करतो. पण पोट खरं चालतं ते अंजूरच्या एका गोदामातल्या रॅकच्या कामावर. तिथल्या मॅनेजरने एकदा गेटवरच अडवलं.

"विम्याची पॉलिसी आण, मग मशीन आत. ठिणगीने माल पेटला तर तुझ्याकडून काय वसूल करू, चप्पल?"

महिनाअखेरपर्यंत आणली नाही तर काम दुसऱ्याला. ते काम गेलं की गाळा सोडायचा आणि गावी परत. गावी जाऊन काय करणार, ते मला आजही ठाऊक नाही.

एजंटने फोनवर विचारून विचारून अर्ज भरला आणि म्हणाला, "शेठ, गाळ्याचे फोटो पाठवा. कंपनी बघेल."

कंपनी बघणार म्हटल्यावर आम्ही गाळा खंडेनवमीला करतो तसा केला. फरशी धुतली, भंगार उचललं, गॅस कटरचे सिलिंडर पडद्यामागे ढकलले. मशीन पुसून तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मी इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी उभा राहिलो. फोटो बघून मलाच बरं वाटलं.

मग एजंटचा फोन आला. "कंपनी म्हणते, इथे धंदा चालू दिसत नाही. फोटोपुरता गाळा उघडलाय असं वाटतंय. चौकशी लागेल."

चौकशी या शब्दाने मला अन्न गोड लागेना. आपल्याला लबाडांत धरलं, आता पोलीस येतील, एवढंच डोक्यात. ताईंच्या खिडकीला मी ग्रिल बसवली होती, तेवढीच ओळख. त्या ओळखीवर संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्या नुकत्याच ड्युटीवरून आलेल्या. फोटो बघून हसायलाच लागल्या.

"काय रे, मशीन नवरी आणि तू नवरदेव?"

"साहेब लोक बघणार म्हणून, ताई."

"त्यांना तुझं काम बघायचंय. शर्ट न्हाय."

दुसऱ्या दिवशी ड्युटीला जाण्याआधी त्या गाळ्यात आल्या. नाकाला ओढणी धरून म्हणाल्या, "चल, रोज करतोस तसं कर." मी वेल्डिंग करत राहिलो, त्या फोटो काढत राहिल्या. मग थांबल्या. शेजारचा गाळा चिंधीवाल्याचा. मधे नुसता पत्रा, तोही छतापर्यंत नाही. त्यावरून कापडाच्या चिंध्यांचे गठ्ठे आमच्याकडे डोकावत होते.

"तेवढं सोडून काढा ना, ताई. एजंट म्हणालाय, शेजारी पेटणारा माल असला तर पॉलिसी मिळत नाही."

त्यांनी मोबाईल खाली केला. "वॉर्डात पेशंट सांगतात, गोळ्या घेतो. घेत नसतात. मग डॉक्टर डोस वाढवतात आणि भलतंच होऊन बसतं. तू असं लपवून पॉलिसी घेशील, आणि खरंच पेटलं तर?"

"आणि खरं सांगून नाहीच मिळाली तर?"

"तर न्हाय मिळाली."

त्यांनी गठ्ठ्यांचाही फोटो काढला आणि सगळे फोटो एजंटला पाठवायला लावले. शेजारी कसला माल आहे ते मी एजंटला सांगितलं नव्हतं, तेही त्याला कळवायला लावलं. मला त्यांचा राग आला. त्यांची नोकरी पक्की, त्यांना बोलायला काय जातंय, असं मनात आलं. एजंट तर फोनवर नुसता हं म्हणाला.

उत्तर येईपर्यंत कामात लक्ष नव्हतं. इतकी वर्षं त्या गठ्ठ्यांकडे पाठ करून बसलो, कधी काही वाटलं नव्हतं. आता दर टाक्यानंतर डोळ्यांपुढची काच बाजूला करून तिकडे बघायचो.

कंपनीने नाही म्हटलं नाही. मधे छतापर्यंत विटांची भिंत घाला, सिलिंडर बाहेर मोकळ्यावर ठेवा, आग विझवायचं नळकांडं लावा, मग पॉलिसी. चिंधीवाले भाई ऐकेनात. "दीवार उठेगी तो मेरी हवा बंद." ताईच त्यांच्याकडे गेल्या.

"भाई, आग लगी तो पहले किसका माल जाएगा?"

भाईंनी गठ्ठ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक है. आधी ईंट मेरी तरफ से." म्हणजे निम्म्या विटांचा खर्च त्यांचा.

भिंत उठली, पॉलिसी महिना संपायच्या आत आली, मॅनेजरने ती मोबाईलवर बघून मशीन आत सोडली. भीती मात्र पुरती गेलेली नाही. वायर तापल्याचा वास आला की अजून हातातलं काम टाकून आधी मेन स्विच बंद करतो. कागद नुकसान भरून देईल, आग थांबवणार नाही, हे आता कळतं.

ताईंना विचारलं, काय देऊ, तर म्हणाल्या, "चहा पाज." पडघ्याला त्यांचं घर जोत्यापर्यंत येऊन थांबलंय. ते कधी उभं राहील ठाऊक नाही. पण राहील तेव्हा त्याचा जिना, कठडा, गेट सगळं मी करणार. लोखंड माझं, मजुरी माझी. त्या नको म्हणतील. तरी करणार.